सातवी सूचना

१२ तारीख, शनिवार, पौर्णिमा. सायंकाळी ६.४०. गाडीत भिजलेली वही पंख्याखाली वाळवतोय.

साहेबांची महागडी गाडी मी चालवतो. तिच्यात काय सुधारावं, अशा अकरा सूचना या वहीत आहेत, कंपनीला पाठवायच्या. उंची वाढवा, पुढे मजबूत हूक द्या, वगैरे. सातवी आता वाचवत नाही. ‘मागच्या दारांच्या आतली साधी कडी काढावी. बटण पुरे. कडी शोभत नाही.’

सकाळी अकराला साहेबांच्या सहा वर्षांच्या सईला घेऊन रेवदंड्याच्या वाळूत गाडी घातली. चाकं रुतली. फळी टाकायला मी उतरलो, तोवर भरतीचं पाणी चढलं, गाडीची वीज गेली आणि बाहेरून एकही दार उघडेना. सई आत. माझे काका होडीवरून धावत आले, काचेला तोंड लावून ओरडले, “बाय, ती कडी वोड!”

तिने ओढली. तीच कडी.

सईला खांद्यावर घेऊन काका मला म्हणाले, “गाडीला सगलं कलतं, आन् कोल्याच्या पोरा, तुला पुनवेचं उधान कलत न्हाय?”

कळत होतं. तिथी मी सकाळीच पाहिली होती. एवढी गाडी आहे, निघेल, असं वाटलं.

साहेब उद्या येतील. कडीचं सई सांगेलच. तिथीचं मलाच सांगावं लागेल.