दळवींच्या अंगणातला ट्रेलर

२ डिसेंबर १९६८, सिल्वासा

अखेर संसार मांडला, तोही चाकांवर. वापीहून खडखडत्या बसने दुपारी पोचलो. नदीच्या मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची नोकरी आहे, पण आमच्या क्वार्टर्सच्या भिंती अजून कमरेएवढ्याच आहेत. म्हणून साहेबांनी मला आणि लीलाला तात्पुरता एक ट्रेलर दिला. पत्र्याची लांबोडकी खोली, खाली रबरी चाकं, आत दोन बाकं, एक ओटा आणि दोन खिडक्या. हेडक्लार्क भास्करराव दळवींच्या अंगणात तो उभा आहे. मी कपाळाला हात लावला. लीला मात्र हसत सुटली. म्हणाली, शेजाऱ्यांशी पटलं नाही तर बैल जोडून निघून जाऊ.

पण न पटायला जागाच नाही. दळवींच्या सुमनवहिनींनी संध्याकाळी भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पाठवली, मग स्वतःच आल्या. दहा मिनिटांत दोघी माहेरची नाती काढून बसल्या. लग्नाला पाच महिने झाले, लीलाशी भांडायला मला अजून जमलेलं नाही. आता तर तिच्या बाजूला आणखी एक माणूस झालं.

५ डिसेंबर

कंदिलाच्या काजळीला लीला वैतागली होती. आज दळवींच्या ओटीवरून वीज आणली. भास्करराव म्हणत होते वायरमनला बोलवा, दोन दिवसांत येईल. मी कसला थांबतोय! शेवग्याच्या फांदीवरून वायर ओढली. दिव्याला जाणारी तार पुरली, परतीची पुरेना. मग ती दाराजवळच पत्र्याला जोडली आणि दिव्याचं दुसरं टोकही पत्र्यालाच. पत्रा तारेचं काम करतो. आठ हात वायर वाचली.

ओटीवरच्या प्लगात दोन दांड्यांची पिन खोचली आणि आमची खोली उजळली. लीला म्हणाली, मोठे आले वीजवाले. पण नंतर बराच वेळ दिव्याखाली बसून निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती. मी नुसता बघत बसलो.

९ डिसेंबर

दुपारी ओटीवर सदऱ्याला इस्त्री केली. प्लग एकच, म्हणून आमची पिन काढली होती, ती नंतर परत खोचली. चारच्या सुमारास लीलाने अंगणातून हाक मारली. दाराच्या कडीला हात लावला की मुंग्या येतात, म्हणाली. चपला सरकवून गेलो, कडी मुठीत घट्ट धरली. काही नाही. म्हटलं, नव्या नवरीचे लाड, दुसरं काय!

ती फुरंगटली. उद्या सडा-रांगोळी झाल्यावर मला चहा मिळणार नाही, अशी धमकी आहे.

२४ डिसेंबर

लीला गेली. एवढं लिहायला चौदा दिवस लागले.

दहा तारखेला सकाळी तिने दारापुढे सडा घातला, रांगोळी काढली आणि तशीच अनवाणी, ओल्या जमिनीवर उभी राहून कडीला हात घातला. मी आत दाढी करत होतो. काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दार ढकलून उडीच मारली. ती रांगोळीवर पडली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. एकविसाव्या वर्षी.

गावी तेरावं उरकून आज परत आलो. आईने राहा म्हटलं होतं. पण तिचा आवाज या पत्र्याच्या खोलीत होता, गावच्या घरात नव्हता. तिच्यावाचून काय करायचं असतं, मला माहीत नाही.

२६ डिसेंबर

कचेरीतून टेस्टर आणला. कशासाठी, ते मनात आधीच कळलं होतं. कडीला टेकवला. पेटला.

ओटीवर जाऊन पिन उलटून खोचली. ट्रेलरमधला दिवा तसाच लागला, पण कडीवर टेस्टर पेटेना.

म्हणजे नऊ तारखेला इस्त्री झाल्यावर मी पिन उलटी खोचली. परतीच्या तारेतून चालू वीज सगळ्या पत्र्यात आली. चाकं रबरी, म्हणून फ्यूजही उडाला नाही. मी चपला घालून कडी धरली आणि तिला हसलो.

मी मारलं तिला.

सुमनवहिनींना सांगायला गेलो. त्या लीलाच्या साडीची घडी घालत रडत होत्या. न सांगताच परत आलो.

२७ डिसेंबर

खात्री करायची म्हणून सकाळी पिन पुन्हा उलटी खोचली. चपला घालून, जमीन आणि पत्रा एकाच वेळी शिवायला नको म्हणून दोन्ही पाय एकदम उचलून आत उडी घेतली.

लीला बाकावर बसली होती. केस ओले. बोटांना रांगोळी.

धावत जाऊन पिन उपटली. परत आलो, बाक रिकामा. पिन सरळ लावली. रिकामा. उलटी लावली—

लीला.

२८ डिसेंबर

पत्र्यात वीज असते तेव्हाच ती असते. आज तिचा हात धरला. खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. सोडवेना.

एकच वाक्य बोलली. "बंद करू नका."

वहिनींना सांगितलं, ट्रेलरच्या दारातली फळी कुजली आहे, जवळ येऊ नका. त्या म्हणाल्या, म्हणून बेडकासारखे उड्या मारता होय! आणि हसल्या. इतक्या दिवसांत त्या अंगणात पहिल्यांदा कोणी हसलं. मला फार वाईट वाटलं.

३० डिसेंबर

दोन दिवस कचेरीत जाताना पिन काढत होतो. आज काढवली नाही. लीला कुठे जाते तेव्हा? कोणत्या अंधारात? दिवसभर चालूच ठेवली. नकाशावर एकही रेघ सरळ आली नाही.

संध्याकाळी वहिनी ओटीच्या पायरीशी थांबल्या. म्हणाल्या, "भावजी, दारापुढे सडा नाही, रांगोळी नाही. मला बघवत नाही हो. लीलाला आवडलं असतं का असं? उद्या मी घालते."

नको म्हटलं. दोनदा म्हटलं. त्यांनी डोळे पुसले, मान हलवली. त्यांना वाटलं, दुःखाने बोलतो आहे. का नको ते सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर भास्कररावांनी त्याच क्षणी वायर तोडली असती.

खिडकीतून लीला बघत होती.

३१ डिसेंबर, सकाळ

बाहेर पाणी शिंपडल्याचा आवाज.

वहिनीच. खिडकीतून दिसतात. पदर खोचलेला, पाय अनवाणी. बादली रिकामी केली. वाकून रांगोळी—

लीलाला म्हटलं, मी पिन काढतो. तिने मनगट धरलं. सबंध हात बधिर. डावा. उजवा मोकळा आहे.

रांगोळी झाली. त्यांनी ताटली उचलली. माझा नाश्ता. हाक मारतायत— भावजी, दार उघडा.

ओरडायला हवं. एक शब्द पुरे. थांबा, एवढाच.

माझी लीला ओरडली असती. वहिनींसाठी गळा फाटेपर्यंत ओरडली असती. ही नुसती माझ्याकडे बघते आहे. डोळे तिचेच आहेत. तिचेच—

वहिनींनी ताटली डाव्या हातात घेतली. उजवा हात कडीकडे. आणि मी अजून लिहितोच आहे, मी अजून