जलाल उस्ता अजून आलेले नाहीत

१० फेब्रुवारी, सोमवार

नेजात बेंना (बे म्हणजे तुर्कीत साहेब) सकाळी परत हॉस्पिटलात हलवलं. आधी त्यांच्या सेक्रेटरीचा, एलिफचा फोन. दुपारी डॉक्टरांनीही तेच सांगितलं. हृदय थकलंय, ऑपरेशन झेपणार नाही. महिने नाहीत, आठवडे. एलिफ रडली नाही, पण वाक्य तुर्कीत सुरू करून इंग्रजीत संपवत होती.

मी लिहितोय त्या त्यांच्या चरित्राची तेरा प्रकरणं तयार. प्र. १४, म्हणजे शेवटचं, बाकी. प्रिंटरला रमजानच्या आत फाइल हवी. बायकोला, मृणालला हे सांगितलं तर म्हणाली, "अरे, माणूस जायला निघालाय आणि तू डेडलाइन सांगतोस?" मुंबईच्या पेपरात आयुष्य गेलं. दुसरं काय सांगणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ने. बे. माझ्याशी हिंदीतच बोलतात. इथे आखातात आल्यावर अल क्वोजच्या दगडाच्या शेडमध्ये बिहारी कारागिरांकडून शिकलेली हिंदी, शिव्यांसकट. मी वही काढली तर म्हणाले, "रायटर भाई, किताब छोडो. एक काम करो. जलाल उस्ता के पास जाओ."

जलाल उस्ता म्हणजे त्यांचे पहिले भागीदार. उस्ता म्हणजे मिस्त्री, उस्ताद. एकाच गावचे. दोघांनी मिळून संगमरवर कापायची शेड टाकली: जलाल दगडाकडे बघायचे, ने. बे. गिऱ्हाइकाकडे. जलालचा धाकटा भाऊ हलील तिथेच लादीखाली सापडून गेला. प्र. ३ मध्ये माझं त्यावर एकच वाक्य आहे, 'दुर्दैवी अपघात'. ते ने. बें.नीच दिलं होतं. पुढे जखमी कामगारांसाठी त्यांनी जे मोफत क्लिनिक काढलं, त्याला हलीलचं नाव. इतका दानशूर माणूस, पण हलील म्हटलं की विषय बदलायचा. जलाल उस्ता तेव्हाच सोडून गेले, ते आजवर बोललेले नाहीत.

तुर्की लोकांत रीत आहे. जाण्याआधी, ज्याचं आपण काही देणं लागतो त्याच्याकडून 'हेलाल' मागायचं. त्याने तोंडाने म्हणायचं, माझा हक्क मी सोडला. ने. बे. म्हणाले, "अल्ला अपना हिसाब माफ करता है. आदमी का, आदमी से ही मांगना पडता है."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अजमान. किचनचे ओटे बनवायचं छोटं दुकान. जलाल उस्तांच्या पापण्यांवरसुद्धा पांढरी धूळ. आधी ओल्या फडक्याने एकेक बोट पुसलं, मग चहा दिला.

"तुम अखबारवाला?"

"था."

"तो छाप दो, जलाल मर गया." स्वतःच हसले.

निरोप सांगितला. चहा ढवळला. मग: "क्लिनिक देखा मैंने. नाम अच्छा खोदा है. पत्थर सस्तावाला है."

आणि उठताना: "मैंने बोला था, मशीन बंद रखो. एक घंटा. मिट्टी देने के वास्ते. नहीं रखा."

येणार का? "रमजान के बाद देखेंगे, इन्शाल्ला." रमजाननंतर ने. बे. नसतील हे त्यांना मी सांगितलं होतं. इथे इतकी वर्षं काढली, पण कुठलं इन्शाल्ला हो आणि कुठलं नाही, ते अजून ओळखू येत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

प्र. १४ लिहून टाकलं. शेवट दोन. जुनी सवय. निवडणुकीच्या निकालाला दोन बातम्या तयार ठेवायचो, जिंकला तर ही, पडला तर ती. तसंच. अ: जलाल उस्ता आपल्या दुकानात हात पुसतात आणि हेलाल म्हणतात. ब: म्हणत नाहीत. अ जास्त चांगला उतरला. दुकान डोळ्यांसमोर होतं.

दोन्ही एलिफला पाठवले. मेलमध्ये स्पष्ट लिहिलं की यातलं अजून काहीच घडलेलं नाही, जे घडेल ते ठेवू.

१६ फेब्रुवारी, रविवार

एलिफचा फोन. आवाज उजळलेला. "ही स्लेप्ट! ऑल नाइट!"

तिने मेल वाचलीच नाही. फोनवर फाइल उघडली, पहिला शेवट दिसला आणि तो तुर्कीत करून त्यांना वाचून दाखवला. त्यांनी हात पुसण्याचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. म्हणाले, हो, जलाल असाच पुसतो. मग रडले. मग झोपले.

मी सांगितलं, यातलं काहीच घडलेलं नाही. तिने तिथेच मेल उघडून वाचली. मग, "प्लीज. डोन्ट टेल हिम."

तो तपशील खरा होता म्हणून बाकीचं खपलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जेवताना घरात दोन तट. मृणाल: "झोपला ना शांत? तुझं काय जातंय?" सई: "आई, दॅट्स लिटरली फेक न्यूज." मृणाल: "तू गप गं. मरणाऱ्या माणसाला कसली न्यूज." सई: "बट बाबा, द अदर गाय. ही नेव्हर सेड इट."

बाप पत्रकार होता हे पोरीला आजच आठवायचं होतं. आमटी गार झाली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

खरं काय ते सांगायचं ठरवूनच गेलो. खिडकीतून समोर रीम बेट दिसत होतं, आमची बिल्डिंगसुद्धा.

ने. बें.नी माझा हात धरला. म्हणाले, "अब नोटबुक निकालो. उसने माफ किया, अब शरम नहीं. हलील का लिखो."

आणि सगळं सांगितलं. हॉटेलच्या लॉबीची ऑर्डर, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची. हलीलला नेल्यावर कामगार थांबले होते. यांनी स्वतः जाऊन मशीन परत चालू केलं. जलाल कब्रस्तानात, हे लॉरीवर. "मशीन बंद होता तो सन्नाटा होता. सन्नाटे में मुझे वो दिखता." लॉबी वेळेवर झाली. पुढची सगळी कामं त्या लॉबीमुळे मिळाली. मग क्लिनिक, वसतिगृहं, सगळं. "दुनिया बोलती है दिल बडा है. दिल नहीं, वो मशीन है. अभी तक चालू."

मी लिहून घेतलं. सांगितलं नाही. तेरा प्रकरणांत नव्हतं ते खरं मिळालं, आणि ते मिळालं माझ्या खोट्यामुळे. एलिफ दाराशी उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा अजमान. क्रमाने सगळं सांगितलं. दोन शेवट, एलिफ, झोप.

"मेरे मुंह से तुमने बोल दिया?"

"हां."

"बिना पूछे?"

"हां."

त्यांनी दिलेली एक शिवी मला कळली, दुसरी तुर्कीत होती. उठून जायला हवं होतं. त्याऐवजी वही उघडून मंगळवारचं वाचून दाखवलं. मागे कटर चालू होता. 'स्वतः जाऊन मशीन परत चालू केलं' इथे जलाल उस्तांनी हात वर केला, उठले आणि कटर बंद केला. "फिर से पढो."

पुन्हा वाचलं.

"ये उसने बोला? अपने मुंह से?"

"अपने मुंह से."

"उस दिन मुझे बोला था, मशीन मजदूरों ने चलाया." फडकं घेतलं, पण हात पुसले नाहीत. "पहले तुम उसको जाके बताओ. तुम्हारे झूठ के ऊपर पांव रख के मैं अंदर नहीं जाऊंगा."

म्हणजे याल?

"पहले बताओ."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. एलिफ आधी नको म्हणाली, मग स्वतःच खुर्ची पुढे ओढून दिली.

ने. बें.नी डोळे मिटले. मॉनिटरवरचे आकडे वर गेले, नर्स आत येऊन गेली. मला वाटलं, संपलं, आपणच मारलं.

मग डोळे उघडले: "दो कॉपी बनाया था?"

"हां."

"दूसरे में क्या है?"

"वो नहीं आते."

"वो भी इतना अच्छा लिखा है?"

"थोडा कम."

हसले. मास्कला आतून वाफ धरली. मग गंभीर: "हलीलवाला मत निकालना. वो आए, ना आए." मी म्हटलं, पुस्तकाचा खर्च करणारे तुमच्या संस्थेचे लोक काढा म्हणतील. "किताब किसकी है?" मग एलिफला तुर्कीत काहीतरी. ती बाहेर जाऊन डोळे पुसून आली. उद्या न्हावी बोलवायला सांगितलं होतं. जलालसमोर दाढी वाढलेली नको.

अजमानला फोन केला. "बता दिया." पलीकडून, "अच्छा." फोन बंद.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी एलिफ: बी.पी. उतरतंय, शुद्ध आहे, न्हावी येऊन गेला. डॉक्टर म्हणाले, आजचं आज बघू.

मृणालने डबा दिला, "दोघा म्हाताऱ्यांसाठी शिरा, साजूक तुपातला." म्हटलं, एकाला तोंडाने काही देत नाहीत. "मग दुसरा खाईल."

दुपारच्या नमाजनंतर जलाल उस्तांचा फोन. मागे कटरचा आवाज नाही, रस्त्याचा होता. "पार्किंग किधर है?" सांगितलं. आत येणार का, हे विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

दोन शेवटांतला अ काल रात्रीच पुसून टाकला. ब पण. हलीलचं सगळं प्र. ३ मध्ये घालून पाठवलं होतं, त्याबद्दल संस्थेतून मेल आलीय, सोमवारी मीटिंग. ती सोमवारी.

भेटायची वेळ चारला सुरू होते. मी खाली गेटपाशी उभा आहे, डबा घेऊन. प्रिंटरचा तिसऱ्यांदा मेसेज, फाइल कधी? कळवलं: चौदावं प्रकरण चारनंतर.