ग्रेनाशच्या बावीस ओळी आणि एक पितळी तस्त

मी, उखर्डू झुलाल पाटील, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, राहणार तालुका पाचोरा, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण वाइन चाखणाऱ्याचं डोकं ठिकाणावर असतं यावर आमच्या भाऊबंदांचा विश्वास नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला आले होते, चहा पिऊन गेले.

माझ्याआधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने मला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि हे नाव दिलं. यमाला किळस यावी असा तिचा हिशेब होता. आजवर तरी तो बरोबर निघाला.

खालची सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. जिनिंगमध्ये सत्तावीस वर्षं कापसाची प्रत ठरवून मी ती घेतली. वडिलोपार्जित हिस्सा मी केव्हाच सोडला, तेव्हा त्या नावाने कोणी गळा काढू नये.

कलम १. राहतं घर आणि केळीची चार एकर जमीन माझा मुलगा स्वप्नील यास. पोरगा कष्टाळू आहे. पाचोऱ्यात खताबियाण्याचं दुकान चालवतो. फक्त केळीपलीकडे त्याला काही दिसत नाही.

कलम २. विहिरीलगतच्या सव्वा एकरात ग्रेनाश जातीच्या काळ्या द्राक्षाच्या बावीस ओळी आहेत. त्या कोणाला, हे पुढे लिहितो. आधी त्यांची हकिगत.

नाशिककडच्या एका वायनरीने कलमं दिली होती. २०१४च्या पहिल्या चांगल्या मालाची त्यांनी वेगळी वाइन केली. त्यांच्या चाखणाऱ्या साहेबाने पेला उजेडाला धरला आणि म्हणाला, "रंग बघा, सरबत आहे. तीन वर्षांत पाणी होईल. वेली उपटा." मी चारचौघांत म्हटलं, "साहेब, ही चोवीस वर्षं टिकेल." दोन खोकी, म्हणजे चोवीस बाटल्या, घरी आणल्या. परवाना कपाटात आहे, पोलिसांना बोलावण्याचे कष्ट घेऊ नयेत. बाटल्या धान्याच्या जुन्या पेवात आडव्या ठेवल्या. वैशाखात वर पत्रा भाजतो, तरी खाली पेवात गारवा असतो. दर ऑक्टोबरात छाटणी संपली की एक बाटली उघडायची, चाखायची आणि वहीत नोंद करायची, असा नेम ठेवला.

कलम ३. पितळी तस्त माझा धाकटा भाऊ कौतिक, निवृत्त मुख्याध्यापक, देवपूर, धुळे, यास. त्याच्या मुलीच्या लग्नात त्याने मला पंगतीतून उठवून मांडवाच्या कोपऱ्यात बसवलं. का, तर आबा पितो. अरे, मी पीत नाही! घोट तोंडात घोळवायचा, त्यावरून श्वास ओढायचा, मग थुंकायचा. पोटात गेलेली वाइन नुसती चढते, स्वतःबद्दल काही सांगत नाही. हे त्याला एकदा सांगितलं तर म्हणाला, "थुकी देस, ते तोंडमा लेस कसाले?" मास्तर, अकरा वर्षं मी ज्यात थुंकलो ते तस्त आता तुमचं. घासूनपुसून देत आहे. दिवाणखान्यात ठेवा.

कलम ४. पेवात उरलेल्या तेरा बाटल्या २०३७ पर्यंत दरवर्षी एक याप्रमाणे उघडाव्यात. त्या साहेबाला दरवर्षी पत्राने कळवावं की अजून पाणी झालेलं नाही.

कलम ५. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिणार.

२०२०च्या तापात माझं नाक गेलं. गेलं ते गेलंच. फोडणी करपली तरी कळत नाही. त्या ऑक्टोबरात पेला नाकाशी धरला, तर नुसता काचेचा गारवा. सून पुनम पेले पुसत उभी होती. तिला म्हटलं, "जरा हुंगून सांग." तिने हुंगलं, घोट घेतला, थुंकला आणि म्हणाली, "आबा, संत्रानी वाळेल सालटी. मांगून पांढरी मिरी." मी तेच वहीत लिहिलं, जणू माझंच. पुढची चार वर्षंही तेच केलं. पेल्याच्या कडेला विटकरी रंग चढल्याची नोंद, मनुका, तंबाखू, नव्या वहाणेचं चामडं, सगळं तिचं. अक्षर तेवढं माझं.

मागच्या वर्षी वायनरीचा नवा साहेब आला. त्याने वाइन चाखली, वही वाचली, आणि चामड्याच्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, "हे नाक कोणाचं?" पुनम चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होती. मी म्हटलं, "माझं." तिने मान खाली घातली आणि कप ठेवले. ही माझी चोरी आहे आणि ती मी साक्षीदारांसमोर कबूल करतो.

स्वप्नील म्हणतो, तुमच्यामागे नाक उरणार नाही, मग वेली ठेवून करायचं काय? बाबा रे, नाक तुझ्या घरात भाकरी थापत आहे.

म्हणून बावीस ओळी, सव्वा एकर, विहिरीचं पाणी आणि वही हे सर्व माझी सून पुनम स्वप्नील पाटील हिच्या एकटीच्या नावे. सुनेच्या हातात पेला शोभतो का, असं ज्याला विचारायचं असेल त्याने मी जिवंत असताना येऊन मला विचारावं.

सही करण्याआधीचा मजकूर. आज सर्वांसमोर बारावी बाटली उघडली. साक्षीदार कांतीलालशेठ छाजेड जैन आहेत, थेंबाला शिवत नाहीत. साक्षीला इतका कोरडा माणूस दुसरा मिळणार नाही. पुनमने चाखलं, थुंकलं, पुन्हा चाखलं. मी विचारलं, "चोवीस गाठेल ना?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आबा, उतरी गयी. मांगला वरीसले भरमा व्हती. आते फळ गयं, नुसता आंबूसपना शे."

माझा तोरा सर्वांसमोर उतरला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ती "हो" म्हणाली असती तर मला काय कळणार होतं? माझं नाक मेलेलं, दुसरं चाखणारं कोणी नाही, आणि जमीन तर आजच तिच्या नावे लिहिली जात होती. तरी खरं बोलली. हेच नाक मला वेलींसाठी हवं होतं.

सबब कलम ४ मी माझ्या हाताने खोडलं आहे. उरलेल्या बारा बाटल्या या दिवाळीच्या आत उघडाव्यात. पुनमने सांगावं, मी ऐकेन, आणि या वेळी वहीत तिने लिहावं. त्या जुन्या साहेबाला एकच पत्र टाकावं: तीन नव्हे, अकरा.

ठिकाण: पाचोरा
दिनांक: १७ ऑक्टोबर २०२५

(सही) उखर्डू झुलाल पाटील

साक्षीदार: वरील सही आमच्यासमोर झाली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. खोडाखोड त्यांनी स्वतः केली. तसेच २०२० पासूनच्या, आजची धरून, सहा नोंदींखाली पुनम यांनी, सासऱ्यांनी वही पुढे धरली असता, आपल्या नावाची सही केली, ती आम्ही पाहिली.

१. (सही) कांतीलाल मोतीलाल छाजेड, कापड व्यापारी, पाचोरा
२. (सही) अभिमन धुडकू महाजन, शेती, तालुका पाचोरा