दुद्दाकाका कोणत्या बाईशी बोलतात

आदरणीय विनफ्लेडमावशी यांस,

नदीच्या वळणावरील मठातून, येथील भगिनींमध्ये वयाने सर्वांत धाकटी, कामाने सर्वांत निरुपयोगी आणि (हे आता साऱ्या मठाला ठाऊक झाले आहे) बुद्धीने सर्वांत गोंधळलेली तुमची भाची टिडबुर्ग हिचे गुडघे टेकून वंदन.

तुमच्या उजव्या गुडघ्याला बार्लीच्या शेकाने उतार पडला असेल, काकांना डाव्या कानाने थोडेफार ऐकू येऊ लागले असेल आणि सूनबाईंनी अबोला सोडला असेल, अशी आशा करते. (तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडू नयेत, अशीही प्रार्थना करते, कारण सूनबाई बोलू लागल्यावर काकांना ऐकू आले, तर गुडघ्याचे दुखणे परवडले असे तुम्हांस वाटेल.) मागील निरोपात तुम्ही विचारले होते, की मी जिवंत आहे किंवा कसे, आणि असल्यास पाच महिन्यांत चार ओळी का लिहिल्या नाहीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी मला एका लाकडी भांड्यापासून सुरुवात करावी लागेल.

लेखनकक्षात बसून ग्रंथांच्या नकला कराव्यात, ही माझी आठव्या वर्षापासूनची इच्छा तुम्ही जाणताच. लॅटिन व्याकरणात यंदा मी पहिली आले, तेव्हा धीर एकवटून मी मठमाता हेरेस्विथ यांच्यासमोर उभी राहिले आणि माझे मागणे मनात तीनदा म्हटले. ते ओठांवर येण्यापूर्वी त्यांनीच ओळखले (माझ्या नजरेने शाईची दौत सोडली नव्हती, असे त्या नंतर म्हणाल्या) आणि मठाचा नियम सांगितला. जिला लिहायचे आहे तिने आधी स्वतःच्या हातांनी, उभ्या झाडापासून ताटापर्यंत, एक भांडे कोरायचे. सप्टेंबरअखेरच्या मायकल देवदूताच्या सणाला ते सर्वांसमक्ष पातळ ताकाने काठोकाठ भरायचे आणि सर्वांत लांब स्तोत्र गाऊन होईपर्यंत ठेवायचे. थेंबही गळला नाही तर लेखनकक्ष. गळला तर हंसांचा वाडा, आणि तोही कायमचा. शिवाय जे भांडे जिने केले, त्यातच तिने आयुष्यभर जेवायचे. हंसांविषयी माझे मत तुम्हांस ठाऊक आहे. हंसांचेही माझ्याविषयी तेच आहे.

भांडी कोरण्याचे काम मठात चाळीस वर्षे दुद्दाकाका करतात. ओढ्याकाठी त्यांची छपरी आहे. तीत एक कुऱ्हाड, लाकूड तासायचा एक वाकस, वाकड्या पात्याची एक सुरी, ओंडका फोडायच्या पाचरी आणि गुडघाभर ढलप्या, एवढाच संसार. मी पहिल्या दिवशी मेणाची पाटी आणि टाक घेऊन गेले व त्यांचे प्रत्येक वाक्य टिपून घेण्याचा संकल्प केला. हा संकल्पच माझ्या सर्व दुःखांचे मूळ ठरला, कारण मी तो पाळला.

दुद्दाकाका मठातील आम्हां सर्वजणींना ‘बाई’ म्हणतात. त्यामुळे ते माझ्याकडे न पाहता, “बाई, पाठ फिरव जरा,” असे म्हणाले, तेव्हा मी अर्थातच पाठ फिरवली आणि दुपारच्या घंटेपर्यंत भिंतीकडे पाहत राहिले. (पाटीवर लिहिले: ‘आरंभ विनयाने.’) दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “पाय गार पाण्यातच राहू देत, नाहीतर तडकशील.” मी तडकण्याचा अर्थ रागावणे असा घेतला, स्वभावावर हा उपाय असावा असे समजले आणि ओढ्यात उभी राहिले. माझ्या शेजारी आल्डर झाडाचे तीन ओंडकेही पाण्यात टोके बुडवून उभे होते. पण शिष्यवर्गात त्यांचा समावेश असेल, हे माझ्या ध्यानात आले नाही. तिसऱ्या दिवशी आज्ञा झाली, “आडवी हो बघू.” मी क्षणभर घुटमळले, पण आज्ञापालन हे आमचे व्रत. ढलप्यांवर सरळ झोपले आणि हात छातीवर जोडले. दुद्दाकाकांनी मला ओलांडून पलीकडचा ओंडका ओढला, त्यात पाचर ठोकली आणि नुसते विचारले, “दमलीस काय?” तेवढ्यात कोठीवरच्या भगिनी बेगू घंगाळ मागायला आल्या. मला त्या अवस्थेत पाहून त्यांनी मृतांसाठीची प्रार्थना सुरू केली आणि मी डोळे उघडल्यावरही, सुरू केलेली अर्धवट सोडू नये म्हणून, पूर्ण केली.

हा प्रकार तीन आठवडे चालला. अखेर एका सकाळी दुद्दाकाका जड आवाजात म्हणाले, “बाई, बूड पोकळ आहे तुझं. आतनं कीड लागलीय. वरनं एवढी गोरीगोमटी, पण तुला चुलीत घालण्यापलीकडं इलाज नाही.” माझ्या आत्म्याचे इतके नेमके निदान आजवर कोणी केले नव्हते. मी रडत धर्मगुरूंकडे गेले आणि पापांचा पाढा वाचला. त्यात जी पापे मी केली नव्हती, पण करण्याची शक्यता होती, तीही घातली. धर्मगुरूंनी सारे ऐकून घेतले, मग त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली. ती हसण्याची होती, हे मला बऱ्याच वेळाने कळले.

“अगं वेडे, तो लाकडाशी बोलतो!” ते म्हणाले. “चाळीस वर्षं बोलतोय. त्याच्या बायकोचीही हीच तक्रार होती.”

मावशी, यानंतर सर्व सुरळीत व्हायला हवे होते, असे तुम्हांस वाटेल. मलाही वाटले. दुद्दाकाका बोलतात ते ओंडक्याशी, हे एकदा समजल्यावर मी त्यांचे बोलणे मनावर घेणे सोडून दिले आणि आपले काम निमूटपणे करू लागले. अडचण इतकीच झाली, की आता ते माझ्याशी बोलत होते. “तो गाभा सोडून दे, बाई, धरून बसू नकोस,” असे ते दोन दिवस म्हणत राहिले. ओंडक्याला दिलेला हा उपदेश मला फार गंभीर वाटला, पण त्यात आपण पडू नये म्हणून मी माझ्या भांड्याच्या बुडाशी झाडाचा गाभा तसाच राहू दिला. (अंतःकरण जपावे, असे आमचे सारे ग्रंथ एकमुखाने सांगतात, लाकडाला वेगळा न्याय का, हेही मला उमजले नव्हते.) भांडे पूर्ण झाल्यावर मी ते प्रेमाने माझ्या पलंगाखाली ठेवले. आठव्या दिवशी, सायंप्रार्थनेनंतर मौन सुरू असताना, ते मधोमध ‘काड्’ असा आवाज करून उकलले. शेजारच्या तिघी मौन मोडून किंचाळल्या आणि तिघींनाही प्रायश्चित्त झाले. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि आता त्याला नियमाचे कारण नाही.

“सांगितलं होतं ना, गाभा काढ म्हणून?” दुद्दाकाका ओरडले.

“मला वाटलं, तुम्ही लाकडाला सांगताय.”

“लाकूड स्वतःचा गाभा कसं काढंल? वाकस कुणाच्या हातात होता, त्याच्या का तुझ्या? लॅटिन शिकलीस म्हणं!”

मी अत्यंत नम्रपणे विचारले, की आपण कोणाला उद्देशून बोलत आहात हे कसे ओळखावे. त्यांनी वाकस खाली ठेवला. “लाकडाशी मी गोडीत बोलतो,” ते म्हणाले.

हा नियम मी पाटीवर ठळक लिहून घेतला. रागाचे वाक्य माझे, गोडीचे लाकडाचे. तो उत्तम चालला. फक्त उन्हाळ्यात दोन दिवस ते माझ्यावर प्रसन्न होते, ते दोन्ही दिवस मी काहीच न करता बसून राहिले. आणखी एकदा, “जप हं बाई, लागंल,” असे ते इतक्या मायेने म्हणाले, की ते मला असणे शक्यच नव्हते. आल्डरचे लाकूड कापल्यावर पांढरे असते आणि घटकाभरात केशरी-लाल होते, हे तुम्ही पाहिले असेल. त्यामुळे भांडे लाल होत आहे याचे मला काही वाटले नाही. भगिनी बेगू येऊन पुन्हा प्रार्थना म्हणू लागल्या, तेव्हा मी अंगठ्याकडे पाहिले.

असो. दुसरे भांडे बाहेरून तासताना इतके तासले, की त्याचे झाकण झाले. तिसऱ्याचे बूड कोरता कोरता संपले, आणि त्यातून मला माझे जोडे दिसू लागले. चौथे मात्र, ऑगस्टअखेरीस, भांड्यासारखे दिसले. ओल्या ओंडक्याचा अर्धा भाग, गाभा काढलेला, आत वाकसाने पोखरलेला आणि वाकड्या सुरीने फिरवत फिरवत गुळगुळीत केलेला. ते सावकाश सुकावे म्हणून दुद्दाकाकांनी आपल्या तेरा भांड्यांबरोबर ढलप्यांच्या ढिगात पुरून ठेवले. ओळख राहावी म्हणून मी माझ्या भांड्याच्या बुडाखाली एक सुबक लॅटिन अक्षर कोरले होते. सणाच्या सकाळी ढीग उकरला, तर चौदाही भांडी एकसारखी, आणि चौदाही बुडे स्वच्छ.

“खाली कुणीतरी ओरखडलं होतं एकाला,” दुद्दाकाका म्हणाले. “म्हणून सगळ्यांचीच बुडं तासून घेतली.”

“मग माझं कोणतं?”

“सगळ्या माझ्याच लेकी,” ते म्हणाले आणि आन्हिकाला निघून गेले. हे वाक्य गोडीचे होते, त्यामुळे मला त्याचा उपयोग नव्हता.

मी डोळे मिटून एक भांडे उचलले. स्तोत्र गायले गेले. मावशी, एक थेंब गळला नाही. ते स्तोत्र पुन्हा गायले असते तरी गळला नसता. दूरच्या मठातून आलेल्या वृद्ध पाहुण्या भगिनींनी ते हाती घेऊन, असे भांडे आपण उभ्या जन्मात पाहिले नाही, असे सांगितले. मठमातांनी दुद्दाकाकांना विचारले, हे खरोखर कोणी केले? काकांनी भांड्यावरून हात फिरवला, त्यांचे डोळे भरून आले, आणि ते म्हणाले, “सगळं बाईनंच केलं. मी नुसता कडंला उभा होतो.”

मठमातांनी माझ्याकडे पाहिले. मी सत्य सांगण्यासाठी एक वाक्य रचायला घेतले. त्यात ‘जरी’, ‘तरी’ आणि ‘ज्याअर्थी’ अशी तीन पोटवाक्ये होती. पहिले पोटवाक्य तयार होईपर्यंत निर्णय झाला होता. “लिहिणाऱ्या माझ्याकडे नऊ आहेत,” त्या म्हणाल्या. “दुद्दाची नजर मात्र अधू होत चाललीय. असे हात शाईत बुडवायचे म्हणजे पाप. ही छपरीतच राहू दे.” आणि सर्वजणी जेवायला गेल्या.

अशा रीतीने, मावशी, मी परीक्षा उत्तीर्ण झाल्यामुळे लेखनकक्षाला कायमची मुकले. नंतर छपरीत जाऊन मी दुद्दाकाकांना शेवटचे विचारले, की ते भांडे खरे कोणाचे. “झाडाचं,” ते म्हणाले. मी पाटी पुसून टाकली.

काकांना मोठ्याने आणि सूनबाईंना हळू आवाजात माझा नमस्कार सांगावा. चुकीच्या जागी उत्तीर्ण झालेल्या भाचीवरील लोभ कमी होऊ देऊ नये.

तुमच्या पायांशी,
टिडबुर्ग

ता. क. : खरे तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसले होते. मठमाता आणि तुम्ही एका अंगणात वाढलात. कृपा करून त्यांना लिहावे, की आमच्या घराण्यात चार पिढ्यांत कोणाला साधी पळीही करता आलेली नाही. मी लहानपणी केलेल्या रवीचा उल्लेख करावा. ती लोण्यात विरघळली, असे लिहिले तरी चालेल.

ता. क. दुसरा : नदीला पूर असल्याने नावाडी अजून निघालेला नाही, आणि मधल्या दोन दिवसांत मी उरलेल्या तेराही भांड्यांत पाणी ओतून पाहिले. बारा गळत नाहीत. एक तीन ठिकाणी गळते. “चाळीस वर्षांत माझं एक गळलेलं नाही,” दुद्दाकाका ओरडले, “गळतंय ते तुझं!” वाक्य रागाचे होते, म्हणजे माझेच. रात्रभर मला हंसांची स्वप्ने पडली. ते भांडे चुलीत घालणे सोपे होते, हे मी लपवत नाही. सकाळी त्यात ताक ओतून मी मठमातांसमोर उभी राहिले आणि या वेळी पोटवाक्ये टाळून म्हटले, “हे माझं आहे. परवाचं माझं नव्हतं.”

मठमातांनी भांडे मेजावर ठेवून ताक ठिबकू दिले. “नऊ जणी लिहितात माझ्याकडे,” अखेर त्या म्हणाल्या. “वीस वर्षांत एकीनंही येऊन सांगितलं नाही, की आई, इथं माझी एक ओळ गळली. मलाच हुडकत बसावं लागतं. गळलं ते सांगायला आलेली तू पहिली.” आणि त्यांनी मला एक टाक दिला. वरचे पत्र मी त्याच टाकाने पुन्हा नीट उतरवून काढले आहे. पहिल्या ताज्या कलमातील विनंती त्यामुळे रद्द समजावी. इथवर वाचण्याआधीच त्यांना लिहून झाले असल्यास ते पत्र जाळावे; रवीची हकीकत आता बाहेर येण्याचे कारण नाही.

ता. क. तिसरा : मात्र नियम तो नियम, आणि आयुष्यभर जेवायचे ते याच भांड्यात. तुमच्या गावचा लोहार फुटक्या भांड्यांना पितळेचे टाके घालतो, तसले तीन टाके पहिल्या नावेने पाठवावेत. उशीर करू नये. तूर्त मी डाव्या हाताने जेवते आणि उजव्या हाताची तीन बोटे तीन छिद्रांवर धरते. ताकाने भिजलेल्या त्याच तीन बोटांत पुढे टाक धरावा लागतो. लेखनकक्षातील मांजर कालपासून माझ्याच पानावर येऊन बसते, आणि मी लिहीन तसतसे चाटत पुढे सरकते.