मलिदा कोणाच्या नावाचा?

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी

ती. रिबकाताईस,

धाकट्या एझराचा शालोम आणि नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण एक तर आपल्यात ते चालत नाही आणि दुसरं म्हणजे एकदा आडवा झालो की मला उठवायला दोन माणसं लागतात.) तुझी तब्येत कशी आहे? साखर आटोक्यात आहे ना? इस्राएलच्या बातम्या लागल्या की मी टीव्हीसमोरून हलत नाही, आणि तू मात्र फोनवर अश्दोदच्या भाजीबाजारातल्या वांग्यांबद्दल बोलत बसतेस. इकडे सगळे खुशाल आहेत. जरा जास्तच खुशाल आहेत, म्हणून तर हे पत्र.

ताई, मला ह्या घरात काहीतरी शिजतंय असा वास येऊ लागला तो साधारण आपल्या नव्या वर्षाच्या सणांच्या सुमारास. रूबेनने एका सकाळी दात घासता घासता विचारलं, पप्पा, तुमचा पासपोर्ट कुठे असतो? आता तूच सांग, पोटच्या पोराला बापाचा पासपोर्ट कशाला हवा? मी म्हटलं, असेल कुठेतरी. त्याच आठवड्यात सूनबाईंनी, म्हणजे प्रीताने, गव्हाच्या चिकाचा हलवा केला आणि मला तीनदा वाढला. डॉक्टरने गोड बंद केलेल्या माणसाला तीनदा! इतका आग्रह आपल्याकडे निघालेल्या पाहुण्याला होतो, राहणाऱ्याला नाही.

मग शब्बाथला सिनेगॉगमध्ये राब्बींनी मायदेशी परतण्यावर प्रवचन दिलं. परतणं म्हणजे नुसता पत्ता बदलणं नव्हे, म्हणाले. ज्याला आभार मानता येत नाहीत तो स्वतःच्या घरातही भाडेकरूच राहतो. वाक्य चांगलं होतं, नाही असं नाही. पण ते ऐकताना रूबेनने माझ्याकडे वळून का पाहावं? आपण जन्मभर पेसाहच्या सणाच्या रात्री 'पुढच्या वर्षी यरुशलायमात' म्हणत आलो आणि दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे अलिबागच्या कचेरीत हजर होत आलो. ते मनापासून म्हणणारी आपल्या घरात तू एकटीच निघालीस, आणि गेलीससुद्धा. तेव्हापासून तू 'घरी ये' लिहितेस आणि मी 'घरीच आहे' असं उलटटपाली कळवतो. अमेरिकेत आल्यावर ते कळवताना हात जरा अडखळतो, पण कळवतो.

हे मला तुझ्याकडे इस्राएलला धाडणार, ही शंका मी फक्त जगन्नाथरावांना सांगितली. हे नागपूरचे, लेकीकडे राहतात, आम्ही तळ्याभोवती रोज फिरतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एझराभाऊ, हे तुम्हाला तिकडं पाठवून राहिले ना! माझा जावई बी असाच गोड बोलून राहिला होता, अन् मंग माझी खोली त्याचं ऑफिस झाली." त्या दिवशी घरी येऊन मी पासपोर्ट पोह्यांच्या डब्यात पुरला. ह्या घरात पोहे माझ्याशिवाय कोणी खात नाही. नातीचं, अवीवाचं, सगळं आयुष्य दुधातल्या त्या रंगीत चकत्यांवर चाललंय.

आणि मग परवा गाडीच्या डिकीत पाहिलं तर पोह्यांची पाकिटं, नारळ, खजूर, वेलदोडे, पाच जातींची फळं! ताई, हे सगळं मलिद्याचं, आभाराच्या ताटाचं सामान! मलिदा कधी करतात ते तुला सांगायला नको. लग्न नाही, बारसं नाही, कोणी दुखण्यातून उठलं नाही. म्हणजे एकतर नवस फिटला, नाहीतर कोणीतरी लांब निघालं. माझ्या बाबतीत दोन्ही एकाच दिवशी जमत होतं. म्हातारा एकदाचा मार्गी लागला म्हणून प्रेषित एलियाहू हानाबीचे आभार, आणि ताट उचलायला तोच म्हातारा!

रविवारी माणसं जमली. अपेक्षेपेक्षा जास्त जमली, कारण फुकटचा मलिदा कोणाला नको असतो. भिजवलेले पोहे कमी पडले. मी बाहेर दाराशी चपला नीट लावायच्या निमित्ताने कोण काय बोलतंय ते ऐकत होतो, तेवढ्यात प्रीताने माझा डबा परातीत उपडा केला. सगळ्यांच्या देखत पोह्यांच्या ढिगावर भारताची राजमुद्रा येऊन बसली.

"आबा, व्हाय इज युअर पासपोर्ट इन द पोहा?" अवीवाने विचारलं.

मुंग्या लागू नयेत म्हणून, असं मी म्हणालो. (दुसरं सुचलं नाही.) रूबेन कपाळावर हात मारून म्हणाला, "पप्पा, यार, महिनाभर शोधतोय मी! अवीवाच्या अर्जाला घराण्याचा पुरावा म्हणून जोडायला हवा होता. ती जातेय इस्राएलला. तुम्ही चिडाल म्हणून सरप्राइज ठेवलं होतं."

अवीवा! वर्षभर शिकायला, आणि जमलं तर तिथेच राहायला. प्रीताचे डोळे सुजलेले होते, ते मी इतके दिवस कांद्यावर घालत होतो.

ताट माझ्या हातात आलं. आभार कशाचे ते थोरल्याने सांगायचं असतं. मी म्हणालो, पोरी, आपली माणसं कोकणच्या किनाऱ्यावर फुटक्या गलबतातून वर आली. अंगावरच्या ओल्या कपड्यांशिवाय जवळ काही नव्हतं. गावाने घाणा दिला, शनवारी तेल काढत नाही म्हणून शनवारतेली म्हणून हाक मारली, आणि परत कधी जाणार असं कोणी विचारलं नाही. तेव्हा तू कोणी हाकललं म्हणून जात नाहीयेस. भरल्या घरातून निघालीस. तिकडे पोचलीस की जिथे आलीस त्या मातीचे आभार मान, पण जिने सांभाळलं तिचे आधी. एवढं बोलून ताट अवीवाच्या हातात दिलं. हानाबीचं गाणंही तिनेच उचललं, मराठीतून, उच्चार सगळे अमेरिकन. मी रडलो, ताई. लाज वाटली नाही.

पण खरं सांगू? मला पाठवतील म्हणून महिनाभर घाबरलो, आणि कोणी पाठवतच नाहीये हे कळल्यावर जेवण गेलं नाही. मला का पाठवत नाहीत? ह्याच्यामागे काय असेल?

तुझा,
एझरा

ता.क. मागच्या फोनवर तू मधेच 'अवीवाला माशाची आमटी चालते का' विचारलंस. तेव्हा मी लक्ष दिलं नाही. म्हणजे तूही कटात होतीस तर! चालते. नारळाचं दूध जास्त घाल, तिखट बेताचं.

ता.ता.क. पासपोर्ट मी आता टीव्हीसमोर उघडा ठेवलाय. येता-जाता सगळ्यांना दिसतो. अजून कोणी विचारलेलं नाही.

ता.ता.ता.क. अवीवाला देशील त्या खोलीत दुसरी खाट मावते का, मोजून कळव. तिची एखादी मैत्रीण राहायला आली तर असावी, म्हणून विचारतो. खाट जरा उंच बघ. मैत्रिणीचे गुडघे दुखतात.