माझ्या पेशींचा व्यायाम

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (तूर्त कागदावरच. खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील.) तुझी प्रकृती विचारत नाही, ती डॉक्टरच कळवतात. पुढचे उपचार नकोत, आता पुरे, असं तू त्यांना सांगितलंस म्हणे. त्यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. माझंच सांगतो.

तुझ्या रक्ताच्या आजारावर माझ्या रक्तातल्या मूळ पेशी काढून तुला दिल्या तर चालतील असा रिपोर्ट आल्यापासून माझी झोप उडाली आहे. आपलं दोघांचं जन्मात कधी एका भाजीवर जमलं नाही, आणि जमलं ते नेमकं रक्तात. पण आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात बसून राहिलेल्या माणसाच्या पेशी त्या! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून जिममध्ये नाव घातलं. तिथल्या मास्तरांनी दोन डंबेल हातात दिले, आणि दुसऱ्या दिवशी हात खांद्याच्या वर जाईना. एका गिऱ्हाइकाला चष्मा लावून बघताना हात मध्येच अडकला आणि काडी त्याच्या नाकात गेली. सदऱ्याची बटणं हल्ली तुझी भावजय लावून देते, दर बटणामागे एक टोमणा.

तरी नेटाने जात राहिलो. एकदा वजन उचलण्याआधी आणि उचलल्याबरोबर रक्त तपासून घेतलं, तर पांढऱ्या पेशी चांगल्याच वाढलेल्या! कागद घेऊन तुझ्या डॉक्टरांकडे धावलो (म्हणजे लंगडत). ते म्हणाले, गल्लीत भांडण झालं की माणसं दारात येतात, तशा या पेशी बाहेर येतात आणि थोड्या वेळाने आपापल्या घरी जातात. रोजच्या व्यायामाचं शरीर एवढ्याशा वजनाला भीक घालत नाही, तुमचं हादरलं, इतकंच. मी म्हटलं, मग पेशी काढायच्या दिवशी डंबेल घेऊनच येतो, सगळ्या दारात असतानाच पकडा. त्यांनी हात जोडले. तुमच्या पेशी आहेत तशा चालतील, म्हणाले, अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

मग दुकानात येऊन बसलो. दिवसभर एकाही गिऱ्हाइकाचा नंबर मला धड काढता आला नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. लिहिणार नव्हतो, पण लिहितो. हो म्हण. तू किती थकली आहेस ते मला दिसतं. तरी अजून एकदा.

दुसरा ता. क. हे तुझ्यासाठी मागतोय असं मुळीच समजू नकोस. आई-बाबा गेले, दादा गेला. आता बायकोसकट सगळं जग मला अहो म्हणतं. अरे म्हणणारी तू एकटीच उरली आहेस.