टायरची आतली बाजू

टिजो,

कप्प्याचे कंद उकडलेत, मासळीचं कालवण गरम करून घे. अप्पच्चनना हॉस्पिटलात आज बसने नेतेय. काल तुझ्या गाडीतून वडिलांना घेऊन निघाले, पण पोचलोच नाही. घाटातल्या वळणावर पुढचा टायर फुटला आणि गाडी कठड्याला जाऊन टेकली. टायर बाहेरून कोरा, आतल्या कडेला मात्र तारा निघालेल्या.

मेस्त्री म्हणाला, "स्टाइलसाठी गाडीची उंची कमी करून ती खाली बसवली, पण नंतर चाकांचं अलाइनमेंट केलेलंच नाही. म्हणून टायर आतून झिजला."

मी भांडले त्याच्याशी. "माझ्या भावाने केलंय, मला स्वतः सांगितलंय त्याने!"

"त्यालाच तर महिन्यापूर्वी या तारा दाखवल्या होत्या."

महिनाभर तू मित्राच्या बाइकवर हिंडतोयस. आणि मला, तुझ्या मोठ्या बहिणीला, किती मायेने म्हणाला होतास, "चेची, गाडी आता तूच वापर."

शायनी